हे येईपर्यंत बस

अगं बस गं! कुठं निघालीस एवढ्यात? चहाचं आधण ठेवलंय मी आणि तू चपला शोधतेस — चपला मी आत घेतल्यात, बाहेर ठेवल्या की कुत्री पळवतात. बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडे पलंगावर ये. हां, अशी. किती घामाघूम झालीयस बघ! बरं झालं मी खिडकीत होते. म्हटलं, ही तर आपल्या वायरमनची बहीण, एवढ्या उन्हात तरातरा कुठं चालली — आणि मारली हाक. कोर्टात निघालीस म्हणे! कोर्टात काय मिळतं गं? तारीख मिळते. दुसरं काय मिळतं तिथं? आणि इथं घटकाभर बसलीस तर हे येतील — आमचे हे — आणि स्वतःच्या तोंडानं सांगतील तुला, की तुझ्या दादाची बराक बदलली, काळजी करू नकोस. सकाळीच म्हणाले मला, मोठ्या साहेबांच्या कानावर घालतो आज. आता जेलातल्या मोठ्या हवालदारानं शब्द टाकायचा आणि साहेबांनी तो पाडायचा, असं झालंय का कधी? नाही ना? मग!

फोन? तुझा फोन आत चार्जिंगला लावलाय, अगदीच मरायला टेकला होता तो. वाजला तर ऐकू येईल की. मगाशी वाजला तो शेजारचा — या क्वार्टर्सच्या भिंती म्हणजे कागद, शेजारी शिंकलं तरी आपण नाक पुसावं. वकील थांबलेत पायऱ्यांवर? थांबू देत. वकिलाला थांबायची सवयच असते. हो, ऐकलं मी, उद्यापासून कोर्टाला सुट्टी आहे, आजच्या आज अर्ज गेला पाहिजे, तू स्वतः न्यायाधीशांपुढं उभी राहून सांगितलं पाहिजे, तरच ते दादाला संरक्षण देतील, दुसऱ्या जेलात हलवतील — सगळं सांगितलंस तू दारातच, धापा टाकत. पण कोर्ट काय लगेच उठून पळतंय का? संध्याकाळपर्यंत असतं उघडं. साखर किती? कमी घालते, तुझ्या वयाच्या मुलींना गोड चालत नाही हल्ली.

तू लाजतेस आमच्या घरात, दिसतंय मला. अगं, तुझ्यासारख्या किती आल्या आणि किती गेल्या या पलंगावरून! कुणाच्या नवऱ्याला पांघरूण, कुणाच्या बापाला खोकल्याचं औषध, कुणाच्या पोराला खिडकीजवळची जागा. सगळ्या आधी माझ्याकडं येतात. का? तर मी रात्री जेवताना हळूच विषय काढते, आणि हे नाही म्हणत नाहीत. तुझ्या दादाचा चष्मा फुटला तेव्हा नवा आत कुणी पोचवला? तुझी आई रडत होती गेटवर, मीच गेले ना, मीच घेतला ना तिच्या हातून? बघ, आठवतंय तुला. कशी आहे आई? गुडघे दुखतात? माझेही दुखतात गं, आणि सांगू का, हे स्वतः तेल लावून चोळून देतात. खोटं नाही सांगत. बाहेर लोकांना वाटतं हवालदार म्हणजे राक्षस. इथं घरात पाल निघाली तर पलंगावर चढून बसतात आणि मला हाका मारतात! हसलीस? हस, हस. तुझा दादा हसतो तसंच हसतेस तू, एका गालानं.

आणि आज तर तुझ्या दादाला बाहेर काढलंय. अगं, सुटला नाही, उड्या नको मारूस — बराकीतून बाहेर काढलंय, कामाला. आतला पाण्याचा पंप बंद पडलाय म्हणे, मोटार जळली की काय कोण जाणे, तर हे म्हणाले, वायरमन आपल्या घरातच आहे, बाहेरून कशाला आणायचा? पाठवा त्याला पंपघरात. आता तूच सांग, ज्याच्यावर दात आहे त्याच्या हातात कुणी पक्कड देतं का? विश्वास असल्याशिवाय देतं का? म्हणून म्हणते, जिवाला घोर लावून घेऊ नकोस. घे, चहा घे. बशीत ओत, तोंड भाजेल.

बरं, मला एक सांग — आपलं असंच विचारते हं — त्या अर्जात काय काय लिहिलंय? नाही, वाचायचा नाहीये मला, माझा चष्मा कुठं सापडतो वेळेवर! तू तोंडी सांग. धमकीचं लिहिलंय, ते असणारच. कुणी दिली म्हणतो तो? मिशाळनं? यांच्या हाताखालच्या त्या शिपायाला ना, काही अक्कल नाही. नुसत्या मिशा वाढवल्या, मेंदू आहे तेवढाच. काय म्हणाला तो? ‘वायरमन लोक शेवटी वायरीलाच चिकटतात’ — असं म्हणाला? जाळीच्या पलीकडून तुझ्यासमोर? अगं, थट्टेत म्हणाला असेल. यांची थट्टाच अशी, जेलात राहून राहून जिभेला काटे फुटतात. लगेच त्याचा अर्ज करायचा म्हणजे — नाही, तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. बहिणीचा जीव आहे, तुटणारच.

आणि गवंडीबाबाचंही लिहिलंय? सगळं? हं. कैदी असला तरी म्हातारा चांगला होता हो. आमच्या मागच्या दारची पायरी त्यानंच बांधून दिली, अजून हललेली नाही. पण तोंडाचा फटकळ. कुणाला काय बोलावं याचा पाचपोच नाही. न्हाणीत पाय घसरला, डोकं आपटलं, म्हातारं हाड, किती टिकणार? डॉक्टरांनीही तेच लिहिलं. आता तुझा दादा म्हणतो, घसरला नाही. म्हणतो, मी शिडीवर होतो, बाहेरच्या पडवीत दिवा बदलत होतो, वरच्या झरोक्यातून आतलं सगळं दिसत होतं. असेल! शिडीवर असेल तर दिसलंही असेल. माणूस कसा असतो बघ, डावीकडं बघतो, उजवीकडं बघतो, मागं दोनदा वळून बघतो, पण वर मान करून कुणी बघत नाही. शिडीवर एक जिवंत माणूस टांगलाय हे विसरलेच की सगळे, आणि तो बेटा हातात बल्ब घेऊन श्वास रोखून — काय? मला कसं माहीत? मला कुठं काय माहीत! विसरले असतील, असं म्हणतेय मी. तूच सांगितलंस ना आत्ता. नाही सांगितलंस? मग बाहेर ऐकलं असेल कुठंतरी, या लाइनीत काय झाकून राहतंय.

ते जाऊ दे. न्यायाधीश जेल बघायला आले तेव्हा त्यानं त्यांना सांगितलं, तेही आम्हाला कळलंच लगेच. भर पाहणीत पुढं होऊन हात जोडून उभा राहिला म्हणे. छाती आहे पोराची, बाई! पण त्यानं पाहिलं तरी कुणाला? मिशाळला पाहिलं, मान्य, मिशा वरूनही दिसतात. दुसरा? दुसरा पाठमोरा होता? बघ! मग पाठमोऱ्यावरून कुणाला ओळखता येतं? खाकी शर्टातल्या सगळ्या पाठी सारख्याच — काय म्हणालीस? खांद्यावर ठिगळ? ठिगळ कसलं? निळ्या — निळ्या चौकटीचं?

तेही अर्जात लिहिलंय?

चहा घे गं, गार होतोय. नाही, मला काही होत नाहीये, उकडतंय फक्त. हा पंखा म्हणजे नुसता आवाज, वारा नाही. — तिकडं काय बघतेस? पडद्याकडं काय बघतेस एवढं टक लावून? पडदा आहे तो. खिडकीचा पडदा. निळ्या चौकटीचा असला म्हणून काय झालं, असलं कापड बाजारात ढिगानं मिळतं, दर दुसऱ्या घरात हेच लटकलेलं असतं. तो खाली आखूड आहे कारण — कारण मुळातच आखूड आणला होता. उरलेल्या तुकड्याचं काय केलं? मला काय आठवतंय! पायपुसणं केलं असेल, मसोतं केलं असेल. बाई गं, तू तर वकिलासारखी विचारायला लागलीस.

हे बघ, तुला कळावं म्हणून सांगते, म्हणजे तुझ्या डोक्यातलं खूळ जाईल. इथं प्रत्येकाकडं एक जुना गणवेश असतो. प्रत्येकाकडं. ट्रंकेच्या तळाशी ठेवायचा. भिंतींना चुना लावायचा असला, गटार उपसायचं असलं, असल्या घाणकामाला चांगला कपडा कोण खराब करेल? तर तो जुना घालतात. मग तो फाटतो, विरतो, त्याला ठिगळं आम्ही बायकाच लावतो, हाताला येईल त्या कापडाचं लावतो — कुणी बघणार आहे का तिथं? वर बटणं लावून नीट गेटातून जातात, आत कोण कुणाचा खांदा बघतंय. म्हणून म्हणते, एकट्या यांच्याच शर्टाला ठिगळ आहे असं थोडंच आहे? असतील दहा जणांच्या. आणि लाइनीतली रीतच आहे, जुना गणवेश ट्रंकेतून निघाला की बाईनं विचारायचं नाही. काय काम, कुठलं काम, काही नाही. माझ्या सासूनं मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, तीही हवालदारीणच — म्हणाली, निघाला की काढून द्यायचा, आला की धुवायचा, आणि अंगणात नाही वाळत घालायचा, आत दोरीवर घालायचा. गार पाण्यात धुवायचा हं, गरम पाणी लागलं की डाग धरून बसतो. चुन्याचा गं. चुन्याचा डाग म्हणतेय मी.

गवंडीबाबा गेला त्या दिवशी? त्या दिवशी काय? त्या दिवशी चुना लावायचं काम होतं की नाही, मला काय ठाऊक. असेल. सगळ्यांच्याच घरी आत दोऱ्या बांधलेल्या होत्या, पलीकडची मिशाळची बायको माझ्याकडं चिमटे मागायला आली होती. चिमटे दिले, घेऊन गेली.

आज? आज सकाळी यांनी कोणता घातला ते तुला कशाला हवंय? चांगलाच घातला असेल, रोज चांगलाच घालतात. मी काल इस्त्री करून खुंटीला — तो काय तिथं. हो, तिथंच आहे. खुंटीलाच आहे. म्हणजे नाही घातला. बरं, नाही घातला! पंपाचं काम आहे, तेलकट, ग्रीस, हे सगळं, म्हणून जुना मागितला असेल. मी विचारलं नाही. मी ट्रंक उघडली आणि काढून दिला. त्यात एवढं तोंड पांढरं पडायला काय झालं तुझं? पंप म्हणजे काय चांगल्या कपड्यात करायचं काम आहे का?

अगं बाई, नळ! नळ तसाच राहिला उघडा, बघ कशी बादली वाहतेय — थांब, बंद करून येते. उठू नकोस तू. आलेच.

धो धो येतंय मेलं. सगळी मोरी तुंबली. सकाळी थेंब नव्हता, टाकी खडखडीत, मी बोंब मारत होते मागच्या दारी, आणि दुपारपासून बघ कसं — काय? पाणी कुठून येतं म्हणजे? आतूनच येतं. क्वार्टर्सना वेगळं पाणी कुठलं, त्यांचीच टाकी, त्यांचाच —

हो. त्यांचाच पंप.

असेल बाई टाकीत साठलेलं. रिकामी होती म्हणाले का मी? मग नसेल रिकामी. मला पंपातलं काय कळतं! दुसरा पंप असेल. दुरुस्त झाला असेल एव्हाना — हां, झालाच असेल, तुझा दादा हुशार, हात लावला की चालू. तसंच झालं असेल. मग अजून ठेवून का घेतलाय तिथं? कोण म्हणालं ठेवून घेतलाय? गेलाही असेल बराकीत परत. हे येतील, सांगतील. बस तू. बस म्हणते ना! — ती कडी ओढून उपयोग नाही, आतून कुलूप आहे. कुत्री शिरतात म्हणून घालते मी कुलूप. दुपारची. रोज नाही घालत. ओरडू नकोस, ओरडून इथं कोण येणार आहे? सगळी लाइन आमचीच आहे.

आणि माझ्यावर डोळे वटारू नकोस! मी काय केलंय तुझं? चहा पाजला, बसायला जागा दिली. संरक्षण, संरक्षण — आल्यापासून तेच तुझ्या तोंडात. तुझ्या भावाला संरक्षण पाहिजे, देतील ना, कोर्ट आहे, वकील आहे, पायऱ्यांवर थांबलाय. आणि माझ्या नवऱ्याला कोण देणार? तो अर्ज गेला, ते ठिगळ न्यायाधीशांपुढं आलं, की यांना आत टाकतील. आत म्हणजे कुठं, कळतंय का तुला? ज्यांना आयुष्यभर कुलपं लावली त्यांच्याच मध्ये! हवालदार जेलात गेला तर चार दिवस काढतो का? तुझा भाऊ निदान वायरमन तरी आहे, त्याचे हात चालतात म्हणून त्याला कुणी चार घास जास्त घालतं. यांना तर दारातच फाडून खातील. मी ऐकलंय, दुसऱ्या जेलातल्या एकाचं काय झालं ते, यांनीच सांगितलं मला, जेवताना, आणि मग जेवलेच नाहीत. मला भीती वाटते गं. तुझ्यापेक्षा जास्त वाटते. तुला आत्ता काही दिवस वाटतेय, मला लग्न झाल्यापासून वाटते. हे क्वार्टर सोडून मी कुठं जाऊ? कुणाच्या दारात उभी राहू?

रडू नकोस. रडू नकोस गं, मला नाही बघवत. ऐक. मी सांगते तुला खरं, देवाशप्पथ खरं. यांनी सकाळी सांगितलं मला, वायरमनची बहीण आज कोर्टाकडं जाईल, याच रस्त्यानं जाईल, तिला हाक मार, आत घे, चहा दे, आणि मी फोन करेपर्यंत सोडू नकोस. एवढंच. मी विचारलं — रीत मोडून विचारलं मी, पहिल्यांदा — म्हटलं, त्या पोराला काही करणार नाही ना? तर म्हणाले, छे गं, नुसतं घाबरवायचंय. पंपघरात न्यायचं, दोन तारा दाखवायच्या, आणि ‘मी काही पाहिलं नाही’ असं लिहून सही घ्यायची. सही झाली की सुटला तो आणि सुटलो आपण. मग बहीण कोर्टात गेली काय आणि नाही गेली काय. असं म्हणाले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले माझ्या. आता तो माणूस माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलेल का?

अशी काय बघतेस?

नाही बोलणार. माझ्याशी नाही बोलणार. पालीला घाबरतो गं तो माणूस. — गवंडीबाबाच्या वेळी काय म्हणाले होते? त्या वेळी… त्या वेळीही म्हणाले होते, नुसता धाक दाखवायचा होता. म्हातारा शिव्या द्यायला लागला, मिशाळचा हात सुटला, मग एकाचा सुटला की दुसऱ्याचा — असं होतं म्हणे, ठरवून नाही होत, एकदा सुरू झालं की मागं घेता येत नाही. आंघोळ करून आले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. मी पाठ चोळून दिली. काय करणार होते मी? सांग ना, तू असतीस तर काय केलं असतंस? नवरा आहे माझा. आंघोळीचं पाणी काढलं, जेवायला वाढलं, शर्ट धुतला.

तुझा दादा सही देईल का गं? देईल ना? तूच ओळखतेस त्याला. नाही म्हणतेस? मान हलवू नकोस अशी! देईल म्हण. जीव वाचवायला माणूस काहीही लिहून देतो — चष्मा लावलेलं एवढंसं पोर ते, न्यायाधीशांपुढं हात जोडून उभं राहिलं होतं… नाही देणार. हो, नाही देणार तो. माहितीये मला. त्याला जेलरनं वेगळी खोली देऊ केली होती, गप्प बसलास तर, तरी नाही ऐकलं. मग नाही दिली तर हे काय करतील? नुसते तारा दाखवून परत ठेवतील?

मला कसं माहीत!

थांब. थांब, गलका करू नकोस, मला विचार करू दे. किल्ली कुठं ठेवली मी — कमरेला आहे, इथंच आहे. अजून उजेड आहे बाहेर, कोर्ट उघडंच असणार. मागच्या दारानं काढते तुला. ऐक नीट. पायरी उतरलीस की उजवीकडं वळू नकोस, तिकडं मिशाळचं घर, त्याची बायको ओट्यावरच बसलेली असते. भिंतीच्या कडेनं सरळ जा, दवाखान्यामागून रस्त्याला लाग. तुझा फोन घे, हा घे, वकिलाला आधी फोन कर — हो, मगाशी तुझाच वाजत होता, तीनचारदा वाजला, मी बंद केला, शिव्या दे मला हव्या तेवढ्या, नंतर दे. त्याला सांग, आत्ताच्या आत्ता न्यायाधीशांकडून जेलात फोन करायला लाव, पंपघर म्हण, विसरू नकोस, पंपघर. मी सांगेन यांना, मोरी पुसायला गेले तेवढ्यात पळाली. दोन मुस्काटात खाईन. खाल्ल्यात याआधी. ये इकडं, अंधारी बोळ आहे, हात धर माझा. ही किल्ली पण ना, एक लागेल तर शपथ, ही ट्रंकेची, ही पुढच्या दाराची, ही —

थांब. माझा वाजतोय.

यांचाच आहे. गप्प राहा. अजिबात आवाज करू नकोस, मी सांगते, आहे इथंच म्हणून, तेवढाच वेळ मिळेल तुला. गप.

हॅलो. हां. हो, आहे ना, बसलीय. चहा पितेय. हो. — काय? मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही, कसला गलका चाललाय तिकडं? — म्हणजे? म्हणजे काय, झालं म्हणजे काय? सही दिली का त्यानं? — अहो, पण तुम्ही तर नुसतं… तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून… — बरं. — नाही, काही नाही म्हणत. — डॉक्टर आले? त्यांनी काय सांगितलं? — हं. करंट. — हो. हो, कळलं. तुम्ही आणि डॉक्टर, दोघंही म्हणालात म्हणजे तसंच. सोडते तिला. — जेवायला काही नको? बरं.

हं.

जा तू. उघडलं बघ, हेच कुलूप होतं, हीच किल्ली होती. जा आता. काय म्हणाले म्हणून मला विचारू नकोस, मला काही माहीत नाही, मी घरात असते दिवसभर. तुझी पर्स राहिली, घे. अर्ज आहे ना आत? असू दे. असू दे तुझ्यापाशी. चपला पुढं आहेत, आणून देते — अगं, अनवाणी कुठं? ऊन आहे, पाय भाजतील. अगं ऐक! धावू नकोस! ऐक गं माझं, धावू नकोस आता —